चर्चखाली चौदा डबे

टेटर ब्रँच या अमेरिकेतल्या डोंगरगावात प्रत्येक घराला दोन मजले असतात. एकात माणसं राहतात आणि दुसऱ्यात आर्विल बर्लसन रांगतो. सिमेंटच्या विटांची बुटकी भिंत, तिच्यावर लाकडी घर, आणि जमिनीपासून तक्तपोशीपर्यंत दोन-अडीच फुटांचा अंधार. त्या अंधारात ओल, कोळी, लांब तंगड्यांचे नाकतोडे आणि एखादा कधीचा मेलेला, मांजराएवढा पोसम. या डोंगरातली माणसं दर शनिवारी अंगणातलं गवत कापतील, ओसरीचा झोपाळा रंगवतील, पण वाकून घराखाली बघणार नाहीत. फ्रीजखालची जमीन दबायला लागली आणि अंड्यांचा ट्रे आपोआप घरंगळायला लागला, की मग आर्विलची आठवण होते.

आर्विल एकसष्ट वर्षांचा. त्यातली बावीस वर्षं त्याने खालच्या खोऱ्यातल्या फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातण्यात घालवली. कारखाना समुद्रापलीकडे गेला तेव्हा मालकांनी प्रत्येकाला एक प्रशस्तिपत्र आणि डुकराच्या मांडीचं एक हॅम दिलं. हॅम आठवड्यात संपलं. प्रशस्तिपत्र भिंतीवर लावलं, त्याला दोन महिन्यांत बुरशी आली, आणि ही ओल येते कुठून हे बघायला आर्विल पहिल्यांदा स्वतःच्या घराखाली शिरला. त्याला एकोणीस वर्षं झाली, तो अजून बाहेर आलेला नाही, असं त्याची बायको ओलीटा म्हणते.

ओलीटा त्याला कामाच्या कपड्यांनिशी घरात घेत नाही. मागच्या ओसरीवर कपडे उतरवून घेते, हुंगते आणि तो आज कुणाच्या घराखाली होता ते सांगते. तिचा अंदाज चुकला असं सहसा होत नाही.

सकाळी पेट्रोल पंपावर बिस्कीट म्हणजे गरम मऊ पाव आणि सॉसेज खायला जमणाऱ्या मंडळींत आर्विलला मोठा मान आहे, म्हणजे सगळे त्याला सल्ला विचारतात आणि मग आपल्या मनाचंच करतात. प्रश्न ठरलेला असतो, भिंतीला प्लास्टिक चिकटवायला कुठला गम चांगला? माणसाला डब्याचं नाव हवं असतं. आर्विल म्हणतो, डबा नंतर बघ, आधी भिंत घास. सिमेंटच्या विटेवर ओलीने पांढरी पूड धरते, ती तारेच्या ब्रशने काढायची, ओल्या फडक्याने पुसायची, सुकू द्यायची. मग हातभर पट्टी लावून रात्रभर सोडायची आणि सकाळी ओढून बघायची. पट्टी निघाली तर डब्याला शिव्या देऊ नयेत, आपला आळस आठवावा. एवढं ऐकेपर्यंत विचारणाऱ्याचं बिस्कीट संपलेलं असतं.

त्याची हत्यारं बघून नवीन माणूस हसतो. बर्फावरून घसरायची पोरांची लाल प्लास्टिकची गाडी असते, तिच्यात सगळं सामान भरून ती दोरीने कमरेला बांधायची आणि ओढत न्यायची, म्हणजे एका पान्यासाठी चाळीस फूट उलटं रांगत यावं लागत नाही. सुरी आकडी पात्याची, कारण सरळ पातं प्लास्टिकबरोबर मांडीही कापतं. ड्रिलच्या टोकाला रंगीत टेपचा वेढा, म्हणजे भोक किती खोल गेलं ते अंधारातही दिसतं. थंडीत टेपची रिळं शर्टाच्या आत, पोटाशी, कारण गार टेप कशालाही चिकटत नाही. आणि सांधे दाबायला लाटणं. ते लाटणं ओलीटाचं होतं. घराखाली गेलं त्या दिवशी तिने ते त्याला दान केलं, आणि त्या दानाचा उल्लेख ती वर्षातून चारदा करते.

ओलीटाची बहीण जुनेल रस्त्याच्या पलीकडेच राहते. तीही त्याच कारखान्यात होती, खुर्च्यांच्या गाद्या चिकटवायच्या खात्यात. दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण ऐकाल तर हसाल, पण टेटर ब्रँचमध्ये त्यावर कुणी हसत नाही. चर्चच्या होमकमिंगच्या, म्हणजे बाहेरगावची लेकरं वर्षातून एकदा परत येतात त्या रविवारच्या जेवणात जुनेलने केळ्याचं पुडिंग आणलं आणि हे आईच्या हातच्यासारखं म्हणून सांगितलं. ओलीटाने एक घास खाल्ला आणि चाळीस माणसांसमोर म्हणाली की आपली आई पाकीट फोडून पुडिंग करत नसे. तेव्हापासून एक चर्चच्या डाव्या बाजूला बसते, एक उजव्या. मधे जुनेलचा नवरा गेला, तेव्हाही अंत्यविधीला ओलीटा दोन रांगा मागे बसली. पण रोज संध्याकाळी भांडी धुताना ती खिडकीतून पलीकडच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला का ते बघे. लागला की मगच हात पुसे. आर्विल हे बघत होता आणि त्याला फार वाईट वाटे. घराखालची ओल घालवणारा माणूस, पण घरातल्या या ओलीपुढे त्याचं काही चालत नव्हतं.

तर त्या वर्षी चर्चचीच जमीन दबली. पियानो एका बाजूला कलला, गाण्याच्या पुस्तकांना हिरवी लव आली आणि होमकमिंगला तीन आठवडे उरले. पंचांची बैठक बसली. पंचांत मुख्य हॉइट प्रेस्नेल, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. तळ्याकाठी बसून सगळ्यांना मासेमारी शिकवणारा. त्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर काचेत बसवलेला एक दांडगा ट्राउट मासा आहे, आणि तो कसा पकडला हे ऐकल्याशिवाय कुणाला खिळे मिळत नाहीत.

आर्विलने सांगितलं की जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरू, सांध्यांना टेप लावू, भिंतीवर दुहेरी चिकटणारी काळी रबरी टेप आणि नळीतला सीलंट, शिवाय वर खुंट्या ठोकू, कारण नुसत्या गमवर भरवसा ठेवणारा माणूस पुढच्या वर्षी परत रांगतो. वरची चार बोटं भिंत वाळवी तपासणाऱ्यासाठी उघडी ठेवू. आणि सगळ्यात आधी एसीची परतीची नळी दुरुस्त करू, ती चर्चखाली फाटली आहे आणि खालची हवा वर ओढते. पंचांनी मान डोलावली. नळीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. गम विकत आणायची गरज नाही, कारण तो हॉइटने आधीच दान केला होता. चौदा डबे सोल्यूशन, दुकानाच्या मागच्या खोलीत किती वर्षं पडलेलं ते त्यालाच माहीत.

आर्विलने एका डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि बंद केलं. म्हणाला, हे उघड्यावर वापरायचं असतं. बंद जागेत डोकं फिरेल. शिवाय या प्लास्टिकला ते धरणारही नाही.

"ब्रदर आर्विल," हॉइट म्हणाला, "दानाच्या गाईचे दात मोजू नयेत. आणि देवाच्या घराला लागतंय म्हटल्यावर तो गम देवच धरेल."

देवाला साक्षीला बोलावलं की टेटर ब्रँचमध्ये बैठक संपते आणि तळलेली कोंबडी येते. आर्विलने जमिनीचं काम आपल्या पद्धतीने केलं, खुंट्यांची भोकं पाडून ठेवली आणि भिंतीच्या टेपची वाट बघत थांबला, ती त्याने स्वतःच्या पैशाने मागवली होती. पण शुक्रवारी त्याची दाढ काढावी लागली, शनिवारी गाल सुजून तो घरी पडला, आणि उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या हॉइटला तेवढीच संधी मिळाली. तो आणखी दोन पंचांना घेऊन चर्चखाली शिरला, आठ डबे सोल्यूशन फरशी पुसायच्या मॉपने भिंतींवर चोपडलं, प्लास्टिक थोपटलं, भिंतीतले हवेचे झरोके गच्च बंद केले, दार लावलं आणि वर येऊन देवाचे आभार मानले. उरलेले सहा डबे पास्टरच्या घरासाठी राखून ठेवले.

रविवारी चर्च खच्चून भरलं. बाहेरगावी गेलेली लेकरं-नातवंडं आली होती, मागच्या टेबलांवर झाकलेल्या ताटांची रांग होती, आणि ऑगस्टचा उकाडा म्हणून पास्टरने एसी पूर्ण सोडला. पास्टर लँडन एकोणतीस वर्षांचा, भला पोरगा. त्याला येऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याच्या प्रवचनानंतर हृदय पालटून पुढे आलेला माणूस आजवर एकच, तोही हरवलेला चष्मा शोधायला.

पहिल्या गाण्याला वास आला. लोकांना वाटलं, दुरुस्तीचा असेल, नव्याचा असेल. दुसऱ्या गाण्याला गायकांच्या मागच्या रांगेतल्या दोन आज्या हसायला लागल्या. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डोकं हलकं झालं आणि पाय जमिनीला लागेनात. आता हे लक्षात घ्या की या माणसांनी जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही. कधीच न प्यालेल्या माणसाला चढतं म्हणजे काय होतं हे कळणार कसं? त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, जिची ते पन्नास वर्षं प्रार्थना करत होते. पवित्र आत्मा उतरला, असं कुणीतरी ओरडलं, आणि पास्टर लँडन प्रवचनाचा कागद सोडून रडायला लागला.

मग काय विचारता. लोक पुढे येऊन गुडघे टेकायला लागले. हॉइट प्रेस्नेल सगळ्यात आधी. त्याने हुंदके देत कबूल केलं की तो ट्राउट त्याने पकडलेला नाही, टेनेसीच्या जुन्या बाजारातून भुसा भरलेलाच आणला होता. वीस वर्षं तो मासा त्याच्या छातीवर बसला होता म्हणे.

आर्विलला मात्र दुसऱ्या गाण्यालाच सगळं कळलं होतं. सुजल्या गालाने बोलता येत नव्हतं, म्हणून तो उठला, पण गर्दीतून भिंतीकडेने वाट काढत एसीच्या बटणापाशी पोचेपर्यंत ही रडारड सुरू झाली होती. बटणावर बोट ठेवलं आणि त्याच वेळी त्याने ओलीटाला उठताना पाहिलं. ती बाकावरून बाहेर आली आणि मधली वाट ओलांडायला लागली. ती वाट चार पावलांची होती. पलीकडे वाटेलगतच्या कडेच्या जागेवर जुनेल बसली होती. ओलीटा तिच्यासमोर उभी राहिली आणि जुनेलने तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडायला लागल्या.

आर्विलचं बोट बटणावर होतं. ते त्याने दाबलं नाही. गाण्याचं एक अख्खं कडवं होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग एसी बंद करून एकेक खिडकी उघडत गेला. बाहेर जाऊन खालचं दार आणि झरोके उघडले. पण त्या एका कडव्याचं पाप त्याच्या डोक्यावर बसलं. पोरंटोरं आत असताना आपण थांबलो, आपल्या बायकोसाठी थांबलो, हे त्याला टोचत राहिलं.

दुपारी तीनपर्यंत गावभर डोकी ठणकायला लागली. फार रडल्यामुळे असेल, असं ठरलं. पास्टरने जाहीर केलं की आता आठवडाभर रोज संध्याकाळी सभा.

सोमवारी सकाळी आर्विल दोन पंखे आणि लाल गाडी घेऊन चर्चखाली उतरला. भिंतीवरचं प्लास्टिक हॉइटच्या श्रद्धेसकट खाली आलं होतं. त्याने दिवसभर खरवडून सोल्यूशन काढलं, भिंत घासली, पुसली, टेप लावली, लाटण्याने दाबली, खुंट्या ठोकल्या. फाटकी नळीही बांधून टाकली, पुढच्या वर्षाची वाट न बघता. त्या संध्याकाळच्या सभेत हवा अगदी स्वच्छ होती आणि कुणीही पुढे आलं नाही. मंगळवारी दोघं झोपले. पास्टर लँडनचा चेहरा बघवत नव्हता.

इकडे जुनेल रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून येत होती. दोघी बहिणी ओसरीवर बसून शेंगांच्या शिरा काढत, हिवाळ्यासाठी दोऱ्यात ओवत आणि अकरा वर्षांची थकबाकी बोलून काढत. आर्विल आत बसून ते ऐके. ही झाकली मूठ सव्वा लाखाची होती. हे सगळं एका सडक्या डब्याच्या वासाने झालं असं कळलं तर दोघी लाजेने परत आपापल्या बाजूला जाऊन बसतील, आणि या खेपेला पुन्हा अकरा वर्षं वाट बघायला कुणाकडेच वय उरलं नव्हतं. त्याने ठरवलं, तोंड उघडायचं नाही. सुजलेल्या गालाचंही तेच मत होतं.

बुधवारी चर्चची कामकाजाची सभा. दोघी बहिणी आता एकाच बाकावर बसल्या होत्या. हॉइट उभा राहिला आणि म्हणाला की कुणीतरी चर्चखाली जाऊन त्याचं काम उखडलं आहे, आणि त्याच दिवसापासून आशीर्वाद थांबला आहे, यावरून ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं. सगळ्यांनी वळून आर्विलकडे बघितलं. हॉइट पुढे म्हणाला की असो, उरलेले सहा डबे घेऊन तो उद्या सकाळी पास्टरच्या घराखाली स्वतः काम करणार आहे. पास्टरची बायको पुढच्या रांगेत बसली होती. तिच्या मांडीवर सहा आठवड्यांची लेक झोपली होती.

आर्विलने त्या पोरीकडे बघितलं. मग ओलीटाकडे. आणि उठला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला पुरतं माहीत होतं.

"ते डबे त्या घराखाली जाणार नाहीत," तो म्हणाला. "रविवारी जे झालं, ते त्याच डब्यांनी झालं. सोल्यूशनचा वास फाटक्या नळीतून वर आला आणि आपल्या सगळ्यांना नशा चढली. मला दुसऱ्या गाण्यालाच कळलं होतं. तरी मी एक कडवं थांबलो. का थांबलो ते माझ्यापाशी राहू द्या, पण थांबलो हे खरं."

मग माणसं एकेक करून आपल्या बुटांकडे बघायला लागली, कारण रविवारी कोण काय कबूल करून बसलं होतं ते प्रत्येकाला आठवत होतं. हॉइटने घसा साफ केला आणि सांगितलं की असं असेल तर तो ट्राउट त्याने खरोखरच पकडलेला आहे. कुणीही मान डोलावली नाही. पास्टर लँडन उठला. पोरगा पांढराफटक पडला होता, पण त्याने आर्विलशी हात मिळवला आणि आपल्या घराचं काम तुम्हीच करा म्हणाला. डबे कुणी उचलायचे यावर समिती नेमून सभा संपली.

घरी जाताना तिघं एकाच ट्रकमध्ये होती, जुनेल मधे. आर्विलला वाटलं, झालं, संपलं. पुलापाशी त्याने गाडी कडेला घेतली.

"ओलीटा, मला माफ कर," तो म्हणाला. "तुझं रविवारचं सगळं… मला सांगायचं नव्हतं गं. पण ते पोर होतं तिथं."

"एकोणीस वर्षं तुझे कपडे हुंगून धुतेय मी," ओलीटा म्हणाली. "मला सोल्यूशनचा वास कळत नाही होय? पहिलं गाणं संपायच्या आधीच कळलं होतं."

आर्विलने तिच्याकडे वळून विचारलं, "मग उठलीस कशाला?"

"म्हटलं, सगळं चर्च येड्यासारखं रडतंय, त्यात आपण एक. कोण बघतंय? उद्या कुणी विचारलंच तर म्हणता आलं असतं, आत्मा उतरला होता, मी नव्हते."

जुनेल समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. तिने ओलीटाचा हात मांडीवर घेतला.

"मी कारखान्यात त्या गाद्या चिकटवायच्या खात्यात चौदा वर्षं काढली," ती म्हणाली. "मला तर दारातच वास आला. मी नेहमी भिंतीकडे बसते ना? त्या दिवशी मुद्दाम वाटेच्या कडेला बसले. म्हटलं, ही आलीच तर हिला कुणाचे गुडघे ओलांडायला लागू नयेत."

आर्विलने डोळे पुसले आणि गाडी पुन्हा सुरू केली. पूल ओलांडल्यावर ओलीटा जुनेलकडे वळली.

"आणि ते पुडिंग?" तिने विचारलं.

"पाकिटातलं होतं."

"माहीत आहे मला," ओलीटा म्हणाली.